ठाण्याच्या फ्लॅटमध्ये सॉफ्ट कोरलचा रीफ टँक लावायचाय? मग पहिल्या दिवसापासून सांगतो

आमच्या हॉलमधला तीन फुटी रीफ टँक, म्हणजे मिठाच्या पाण्यात कोरल (प्रवाळ) वाढवायचा टँक, बघून जो येतो तो आधी हेच विचारतो की कोरल कुठून आणलं, आणि मी दरवेळी सांगतो की कोरल चौथ्या महिन्यात आलं, त्याआधी तिथे नुसते दगड, वाळू आणि मिठाचं पाणी होतं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पण हेच खरं आहे, आणि ज्यांनी ज्यांनी पहिल्या आठवड्यात मासे आणि कोरल एकदम आणले त्यांचे टँक सहा महिन्यांत रिकामे झालेले मी बघितलेत, खूप पैसे आणि त्याहून जास्त म्हणजे जिवंत प्राणी वाया जातात. म्हणून नवीन लोकांसाठी सगळं क्रमाने लिहितोय. मी घोडबंदर रोडला राहतो, त्यामुळे इथलं पाणी, इथला उन्हाळा आणि इथली लाईट हे धरूनच लिहिणार, परदेशातले व्हिडिओ बघून केलं की नेमकं इथेच गडबड होते.

आधी कायदा, कारण हे दुकानात कोणी सांगत नाही

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २००१ साली सगळे हार्ड कोरल अनुसूची १ मध्ये आले. म्हणजे ज्यांचा सांगाडा दगडासारखा कडक असतो ते सगळे, अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा, ब्रेन, हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन, ही सगळी सुंदर सुंदर नावं त्यातलीच. शिवाय काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन. समुद्री घोडेसुद्धा. अनुसूची १ म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती यादी, शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. मेलेल्या कोरलचा सांगाडासुद्धा यात येतो, त्यामुळे समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' म्हणून जो विकतात तोही नको. मुंबईत कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या कोरलच्या वसाहती २०२० मध्ये हलवायच्या होत्या तेव्हा महापालिकेलासुद्धा वन्यजीव खात्याची परवानगी घ्यावी लागली, मग आपण कोण.

आणि मला विचाराल तर फक्त कायद्याची भीती नको. मालवणला पाण्याखाली जाऊन ज्याने कोरल बघितलंय त्याला ते तिथून तोडून आणावंसं वाटणारच नाही. लक्षद्वीपची रीफ १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये उष्णतेने पांढरी पडली, २०२४ मध्ये परत तेच झालं. तिथे आधीच इतकं सोसून झालंय, आपल्या हॉलसाठी अजून एक फांदी कमी करायची गरज नाही.

मग आपल्याकडे काय राहतं? सॉफ्ट कोरल आणि त्यांचे भाऊबंद. मशरूम, झोअँथिड, लेदर, केनिया ट्री, झेनिया, क्लोव्ह पॉलिप. ही काही दुय्यम वगैरे नाहीत हां, पाण्याच्या लाटेवर झेनिया ज्या पद्धतीने मुठी उघडते-मिटते ते बघत आमची आई रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की पंधरा मिनिटं टँकसमोर बसते. दुसरा फायदा म्हणजे यांच्या फांद्या कापून वाढवता येतात, त्यामुळे ज्याच्या घरी आधीच वाढलंय त्याच्याकडून छोटा तुकडा, म्हणजे फ्रॅग, घेता येतो, समुद्राला हात लावायची गरजच नाही. दुकानातून घेतलंत तर बिल घ्या, नाव लिहून घ्या. गोगलगायी घेतानापण जात विचारा, ट्रोकस आणि टर्बो मधल्या काही जाती कायद्यात आहेत.

टँक, जागा आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी

सुरुवातीला लोकांना वाटतं छोटा टँक सोपा. उलटं आहे. पाणी जितकं कमी तितकं तापमान आणि खारटपणा पटापट वरखाली होतो आणि तुम्हाला चूक सुधारायला वेळच मिळत नाही. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, १० मिमी काच, हा साइझ मी सगळ्यांना सांगतो, काठोकाठ भरला तर साधारण १९० लिटर होतं. यापेक्षा मोठा घ्यायचा असेल तर सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, कारण घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वजन धरून डिझाइन केलेला असतो आणि आपला टँक दगड, स्टँड, संपसकट तीनशे किलो अर्ध्या चौरस मीटरवर उभा असतो. हा साइझ चालतो, पण खोलीच्या मधोमध नको, बीमवर किंवा कॉलमजवळच्या भिंतीला लावून ठेवा. खिडकीतून थेट ऊन येईल अशी जागा नको. बाल्कनी तर अजिबात नको.

टँकखाली संप करून घ्या, म्हणजे खालचा दुसरा टँक जिथे फेस करून घाण काढणारा स्किमर, मोटर, सगळा पसारा लपतो. आता इथे एक गोष्ट नीट ऐका. लाईट गेली की वरचं पाणी पाइपातून उलटं खाली संपमध्ये येतं, आणि संप आधीच काठोकाठ भरलेला असेल तर ते पाणी जातं तुमच्या लाद्यांवर आणि तिथून खालच्यांच्या सीलिंगमध्ये, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव. त्यामुळे पहिल्याच दिवशी, नुसतं नळाचं पाणी भरून, मोटर चालू करा आणि मग मुद्दाम स्विच बंद करा. संप भरला तरी काठापर्यंत चार बोटं जागा राहिली पाहिजे. रिटर्न पाइपला, म्हणजे संपमधून पाणी वर आणणाऱ्या पाइपला, वरच्या टँकच्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक छोटं भोक पाडा म्हणजे पातळी त्या भोकाच्या खाली आली की हवा आत शिरते आणि उलटं वाहणं थांबतं, ते भोक दर महिन्याला टूथब्रशने साफ करायचं कारण शेवाळाने बुजतं. ही टेस्ट तीनचार वेळा करा. आमच्या इथे पावसाळ्यात लाईट रात्री तीन वाजता जाते आणि तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

विजेचं पण तसंच. सगळ्या वायरी सॉकेटच्या खाली लोंबून मग वर गेल्या पाहिजेत, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न शिरता खालच्या खाली टपकेल. लाइनवर आरसीसीबी बसवा, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. खारं पाणी आणि २३० व्होल्ट, घरात लहान मुलं, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

पाणी

इथेच निम्मा खेळ आहे. काही लोक विचारतात, समुद्र एवढ्या जवळ आहे मग खाडीचं पाणी का नाही. ठाण्याची खाडी फ्लेमिंगोंसाठी छान आहे, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली, पण ते पाणी गाळाचं, भरती-ओहोटीप्रमाणे खारटपणा बदलणारं आणि सगळ्या शहराचं सांडपाणी पोटात घेणारं आहे, कोरल त्यात जगत नाही.

नळाचं पाणीही थेट चालत नाही. क्लोरीन असतं, आणि त्याशिवाय नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, कधी तांबं, यातलं पहिलं तिन्ही शेवाळाला खायला घालतं आणि तांबं कोळंबी-कोरलला मारतं. घोडबंदरच्या सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, काही ठिकाणी बोअरचं मिसळतात, त्यामुळे माझ्याकडे एकाच नळाला जानेवारीत आणि मेमध्ये वेगळा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, दिसतो. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी आहे, ते बरंच स्थिर असतं असं तिकडचे मित्र सांगतात, तरीही टाकीत काय मिसळतंय ते तुमच्या सोसायटीवर आहे. पाच-सहाशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या आणि मोजा.

किचनमधला आरओ पण पुरत नाही कारण त्यातून बाहेर पडणारं पाणी प्यायला योग्य असतं, शून्य नसतं. आपल्याला शून्य टीडीएस पाहिजे. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा, एक डबा जोडायचा, रंग बदलणारा रेझिन घ्या म्हणजे कधी संपला ते दिसतं. आरओमधून एक लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर टाकाऊ पाणी निघतं, ते बादलीत धरा, लादी पुसायला, बाथरूम धुवायला जातं, आमच्याकडे त्याचा एक ड्रम वेगळाच ठेवलाय.

मीठ म्हणजे खायचं मीठ नाही. रीफ सॉल्ट मिक्स, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवायची ताकद) सगळं असतं. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला सातेक किलो. वेगळ्या ड्रममध्ये आधी आरओचं पाणी, त्यात वेव्हमेकर, म्हणजे पाणी फिरवणारा छोटा पंप, सोडायचा, मग मीठ हळूहळू, उलटं कधीच नाही, मिठावर पाणी ओतलं की कॅल्शियम पांढरं होऊन तळाशी बसतं आणि परत विरघळत नाही. चोवीस तास फिरू द्या. मग खारटपणा मोजा, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), स्पेसिफिक ग्रॅव्हिटीत १.०२५ ते १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, प्लॅस्टिकचा काटा असलेला नको. आणि तो ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रवानेच सेट करा, नुसत्या आरओच्या पाण्याने शून्यावर सेट केला तर शून्याला बरोबर आणि पस्तीसला चूक दाखवू शकतो, मी एक वर्ष तसंच करत होतो आणि माझं पाणी सगळा वेळ ३२ वर होतं, झोअँथिड का उघडत नाहीत ते कळत नव्हतं.

दगड आणि तो कंटाळवाणा महिना

सिरॅमिक किंवा सिमेंटचे तयार रीफ रॉक मिळतात, तेच घ्या. सच्छिद्र पाहिजेत कारण दगड शोभेला नसतात, त्यांच्या भोकांमध्ये बॅक्टेरिया राहतात आणि तेच तुमचं खरं फिल्टर. वजन पाण्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १५ ते २० किलो. भिंतीसारखी चळत नको, दोन-तीन कमानी करा, मागून पाणी फिरलं पाहिजे आणि काचेपासून हात घालायला जागा पाहिजे. दगड आधी काचेवर ठेवायचे मग भोवती अ‍ॅरागोनाइट वाळू, नाहीतर मासे वाळू उकरतात आणि दगड कोसळून काच फुटते.

आता सायकल. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विष आहे. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विष, आणि दुसरे त्याचं नायट्रेट करतात जे थोडंफार चालतं. हे बॅक्टेरिया वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, बाटलीतले घातले तर थोडे कमी. त्यांना जेवण म्हणून अमोनियम क्लोराइड घालायचं, २ पीपीएमपर्यंत. काही जण मासळी बाजारातून एक कोळंबी आणून टाकतात, ते पण चालतं पण वास येतो आणि किती अमोनिया झाला ते हाताबाहेर जातं. रोज टेस्ट किटने बघा, अमोनिया चढेल, मग उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. ज्या दिवशी २ पीपीएम घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटसुद्धा शून्य येईल त्या दिवशी सायकल झाली. या काळात मासा घालून सायकल करू नका, दुकानवाला सांगेल 'एक डॅमसेल टाका, काही होत नाही', होतं, त्याचे कल्ले जळतात.

सायकल झाली की टँक कुरूप होतो. आधी तपकिरी धूळ बसते, ते डायटम, मग हिरवे केस. घाबरून औषधं टाकू नका. लाईट कमी तास ठेवा, नायट्रेट-फॉस्फेट बघा, गोगलगायी सोडा, दात घासायच्या ब्रशने केस उपटा. दोन-तीन महिन्यांत दगडांवर जांभळे ठिपके दिसायला लागतात, ते कोरलाइन शेवाळ, तेव्हा समजायचं की टँक बसतोय. मला तो पहिला जांभळा ठिपका दिसला त्या दिवशी मी बायकोला झोपेतून उठवून दाखवला होता.

उन्हाळा

ठाण्यातला रीफ टँक मेमध्ये मरतो. बाकी सगळं नीट केलेलं असतं आणि पाणी ३१, ३२ वर जातं कारण बाहेर ३६-३७, त्यात मोटर आणि लाईटची उष्णता. कोरलच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला रंग आणि बहुतेक जेवण देतं, पाणी फार तापलं की कोरल ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, ब्लीचिंग म्हणतात ते हेच. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, मासे वर येऊन धापा टाकायला लागतात. आपल्याला पाहिजे २५ ते २६, आणि वरखाली कमीत कमी.

उपाय दोन. एक, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे छोटे फॅन. पाणी उडतं आणि दोन ते चार अंश खाली येतं, स्वस्त आहे, पण हवेत दमटपणा असला की फॅनचा जोर कमी होतो आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर दमटच असतं, ऑक्टोबरची उकाडी वेगळीच. दुसरा, चिलर. महाग आहे पण मी आता स्पष्ट सांगतो, ज्यांच्या हॉलमध्ये दिवसभर एसी नसतो त्यांनी चिलर बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा, कोरलचं बजेट कमी करा. दुकानात हॉर्सपॉवर विचारण्याआधी हे सांगा की किती लिटर, खोली किती तापते, आणि किती अंश खाली आणायचंय. दोन साइझमध्ये अडकलात तर मोठा घ्या, छोटा सतत चालून बंद पडतो. चिलर कॅबिनेटमध्ये कोंडू नका, त्याची गरम हवा खिडकीकडे गेली पाहिजे नाहीतर तो स्वतःचीच उष्णता परत ओढतो. एसीचं म्हणाल तर फक्त रात्री एसी म्हणजे रात्री २५ आणि दुपारी ३०, हे रोज झालं तर ते एकदाच गरम होण्यापेक्षा वाईट.

माझ्या पहिल्या मेमध्ये मी फॅनवरच होतो, दोन दिवस लग्नाला नाशिकला गेलो, आलो तेव्हा पाणी ३२.४ आणि लेदर कोरल चिकट होऊन पसरलेलं, दोन क्लाऊनफिशपैकी एक गेला होता. त्यानंतर चिलर आणला. हिटर मात्र इथे फारसा लागत नाही, जानेवारीत आठवडाभर रात्री पाणी २२-२३ होतं तेवढ्यापुरता १०० वॅटचा पुरतो.

पाणी उडतं तेव्हा मीठ मागे राहतं, हे लक्षात ठेवा. म्हणजे खारटपणा रोज चढत जातो. भर फक्त गोड आरओ-डीआय पाण्याने घालायची, मिठाच्या पाण्याने नाही. फॅन चालू असेल तर माझ्या टँकमधून दिवसाला तीन-चार लिटर जातं. हे हाताने करायचं म्हटलं तर एक दिवस राहून जातोच, त्यामुळे एटीओ बसवा, सेन्सरवाला, पातळी उतरली की आपोआप भरतो. सेन्सर अडकला तर सगळं गोड पाणी आत जातं म्हणून त्याच्या डब्यात एका वेळी १५ लिटरपेक्षा जास्त ठेवू नका.

लाईट, लाटा आणि बाकीचं थोडक्यात

रीफ एलईडी घ्या ज्यात निळा भरपूर असतो. सॉफ्ट कोरलला ५० ते १५० पार (कोरलला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरतो. पहिल्या आठवड्यांत ३०-४० टक्क्यांवर चालवा, हळूहळू चढवा, दिवसाला ८ ते १० तास, टायमरवर. लाटांसाठी दोन वेव्हमेकर समोरासमोर, थेट कोरलवर झोत नको, बाजूने पाणी वळून आलं पाहिजे. स्किमर फेस करून घाण काढतो, पहिले दोन आठवडे वेड्यासारखा फेस करतो, मग सुधारतो. संपमध्ये पिशवीत अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन कायम ठेवा कारण लेदर आणि इतर सॉफ्ट कोरल एकमेकांना दूर ठेवायला पाण्यात रसायनं सोडतात, कार्बन ती खेचतो.

लाईट जाण्याची तयारी पण आत्ताच करा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे ग्रिड बंद पडला होता तेव्हा मी घरीच होतो आणि वर्तमानपत्राने पाणी हलवत बसलो होतो कारण माझ्याकडे बॅटरीचा एअर पंप नव्हता. तो आता आहे, तोही लाईट गेल्यावर आपोआप सुरू होणारा. इन्व्हर्टर असेल तर प्युअर साइन वेव्ह बघा, साध्यावर मोटर गुरगुरतात. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर लावा, चिलर नाही. काही तास पाणी हललं तर सगळं जगतं.

मासे, मग कोरल

आता जिवंत प्राणी. कुर्ल्याच्या बाजारात किंवा ठाण्यातल्या दुकानांत जाल तेव्हा आधी नुसतं बघून या, विकत घेऊ नका. घरात पैदास केलेले ओसेलॅरिस क्लाऊनफिश घ्या, भारतात त्यांची पैदास होते, आपल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभी केली आहे, एकदा मुलांना घेऊन बघून या. क्लाऊनला अ‍ॅनिमोन लागतोच असं नाही, नवीन टँकमध्ये अ‍ॅनिमोन नकोच. क्लाऊनची जोडी, एखादी फायरफिश, एक ब्लेनी, एक क्लीनर श्रिंप, तीन फुटी टँकला एवढं बस. निळा टँग प्रत्येक मुलाला हवा असतो, तो फूटभर होतो, मुलाला समजवा.

प्रत्येक मासा आधी वेगळ्या साध्या टँकमध्ये चार आठवडे, पाइपाचा तुकडा लपायला आणि एक स्पंज फिल्टर, बास. अंगावर मिठासारखे ठिपके दिसले तर तो समुद्री इच, त्याचं तांब्याचं औषध तिथेच द्यायचं, मुख्य टँकमध्ये तांबं गेलं की कोळंबी आणि कोरल गेलेच. इच मुख्य टँकमध्ये शिरला तर सगळे मासे बाहेर काढून ७६ दिवस टँक माशांविना ठेवावा लागतो. चार आठवडे बरे.

माशांनंतर महिनाभराने पहिलं कोरल. पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगवा, मग पातळ नळीने थेंब थेंब टँकचं पाणी पिशवीत, अर्धा पाऊण तास. मग कोरल डिपमध्ये, म्हणजे कीड पाडणाऱ्या द्रावणात, पाच-दहा मिनिटं, हलवा, खाली काय पडतंय बघा, झोअँथिड खाणारे नुडिब्रँक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी) त्याच रंगाचे असतात. अंडी दिसली तर फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो तो प्लग बदला. पिशवीतलं पाणी टँकमध्ये कधीच ओतू नका.

पहिलं कोरल मशरूम घ्या, खाली, मंद प्रकाशात, मंद लाटेत. दुसरं केनिया ट्री. लेदर मधल्या उंचीवर, तो मधेच आठवडाभर मिटतो आणि अंगावरून मेणासारखी साल टाकतो, मेला समजून काढू नका. झेनिया एका वेगळ्या दगडावर, आजूबाजूला वाळू, नाहीतर वर्षभरात सगळीकडे झेनियाच.

झोअँथिडबद्दल मला थांबून सांगायचंय. त्यांच्यातल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, माहीत असलेल्या सगळ्यात जहरी पदार्थांपैकी एक. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कापू नका, हाताला जखम असेल तर टँकमध्ये हातच घालू नका. झोअँथिड असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका, वाफेतून विष श्वासात जातं आणि जगात अशी अख्खी कुटुंबं हॉस्पिटलमध्ये पोचली आहेत. असं काही झालं, छातीत भरलं, तोंडात धातूची चव आली, तर सगळ्यांनी लगेच घराबाहेर, खिडक्या उघड्या, थेट हॉस्पिटल, आणि डॉक्टरला पॅलिटॉक्सिन हा शब्द लिहून द्या. घरात रांगणारं मूल असेल तर मी म्हणेन झोअँथिड सोडूनच द्या, मशरूम तेवढेच रंगीत असतात.

रोजचं आणि आठवड्याचं

रोज सकाळी चहा घेताना तापमान बघा, मासे मोजा, सगळे खातात का बघा, एटीओचा डबा बघा. पाच मिनिटं. खायला चिमूटभर, जेवढं दोन मिनिटांत संपेल तेवढं. रविवारी १० टक्के पाणी बदला, म्हणजे २० लिटर, तापमान आणि खारटपणा आधी जुळवून. त्या आधी काच घासा, स्किमरचा कप धुवा. आणि टेस्ट, वहीत तारीख टाकून लिहा, मोबाइलमध्ये नको, वही टँकपाशी राहते. माझे आकडे सांगतो: अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, पीएच ८ च्या वर. नायट्रेट शून्य आला म्हणून खूश होऊ नका, सॉफ्ट कोरलला थोडं खाणं लागतं, शून्यावर ते फिकट पडतात. सॉफ्ट टँकमध्ये कॅल्शियम फारसं खर्च होत नाही, नियमित पाणी बदललं तर वेगळं काही घालायला लागत नाही, बाटल्या घ्यायची घाई करू नका. एखादा आकडा बिघडला तर एका दिवसात दुरुस्त करू नका, तीन-चार दिवसांत आणा.

महिन्यातून एकदा मोटर व्हिनेगरच्या पाण्यात फिरवून चुना काढा. कार्बन बदला. डीआयचा रंग बघा. मार्चमध्ये चिलरची जाळी ब्रशने साफ करा, एप्रिलमध्ये करू म्हणालात की उशीर झाला.

राहिलं गणपतीचं. आपण सगळे पाच-सात दिवस गावाला जातो आणि टँक इथेच. शेजारच्या काकूंना किल्ली देताना खाण्याचा डबा देऊ नका, त्या प्रेमाने जास्त घालतात आणि पाणी खराब होतं. रोजचं खाणं औषधाच्या गोळ्यांच्या डबीत वारांप्रमाणे भरून ठेवा, एक कप्पा एक दिवस. एटीओचं जास्तीचं पाणी दोन कॅनमध्ये, वर '१' आणि '२' लिहून. टँकच्या काचेवर कागद चिकटवा: तापमान २८ च्या वर दिसलं तर मला फोन, पाणी जमिनीवर दिसलं तर हा स्विच बंद करून मला फोन, बाकी कशाला हात लावायचा नाही. निघायच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी पाणी बदला आणि काकूंना एकदा समोर उभं राहून सगळं करून दाखवा.